घरटी एक लाकूड

जिभाऊंची टोपी डोक्यावर असली तर घाबरायचं कारण नसायचं.

सुरतेत भेस्तानला आमच्या खोल्यांची ओळ होती. ओळीच्या तोंडाशी जिभाऊ दिसले की बाया आधी त्यांच्या डोक्याकडे बघायच्या. टोपी डोक्यावर असली तर गावाकडे कुणाला मुलगा झालाय, कुणाचं लग्न जमलंय, नाहीतर कुणाची म्हैस व्यायलीय. टोपी हातात असली तर गॅस बंद करून बाया दारात येऊन उभ्या राहायच्या आणि जिभाऊ आज कुणाच्या दारात थांबतात ते श्वास रोखून बघायच्या. मेल्याचा निरोप जिभाऊ फोनवर कधी देत नसत. फोन होता त्यांच्याकडे, मोठ्या बटणांचा, पण तो फक्त ऐकायला. "फोनवर मानूस मरस नही," ते म्हणायचे, "फोनवर निस्ता आवाज बंद व्हस." मग ते पायी निघायचे. पांडेसऱ्याला, उधन्याला, एकदा तर पार इच्छापोरला, तिथं कंत्राटावर असलेल्या एका माणसाला त्याचा बाप गेल्याचं सांगायला. बसमध्येही टोपी हातातच.

खरं नाव झिपरू. पण अहिराणीत थोरल्या भावाला जिभाऊ म्हणतात, आणि ओळीतली लहानथोर सगळीच माणसं त्यांना जिभाऊ म्हणायची. माझी आई म्हणायची, मी म्हणायची, आणि ज्याला अहिराणीचा गंधही नाही तो आमचा गुजराती किराणेवालाही म्हणायचा. गाव खैरझिरे, पिंपळनेरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. त्या गावची निम्मी घरं कुलपं लावून सुरतेत आलेली, सांच्यांवर कापड विणायला. गावाचं एक टोक तिथं आणि एक इथं, आणि ही दोन टोकं धरून बसलेला माणूस म्हणजे जिभाऊ.

खात्यात, म्हणजे सांच्यांच्या कारखान्यात, ते बीम चढवायचे. सुताचं भरलेलं ते धूड खांद्यावर वाहून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला चार बोटं खाली आला होता. सांच्यांच्या खडखडाटात जन्म काढलेली माणसं घरातही ओरडून बोलतात. माझा बाप मीठ मागायचा तरी शेजारी दचकायचे. जिभाऊ मात्र हळू बोलायचे. इतकं हळू, की त्यांनी तोंड उघडलं की बाकीच्यांना गप्प बसावं लागायचं.

आणि शब्द द्यायच्या आधी ते पाणी प्यायचे. ही त्यांची खोड सगळ्यांना ठाऊक होती. कुणी काही विचारलं, पोरगी द्यावी का, जमीन वाट्यानं लावावी का, पोराला खात्यात घालावं का, की म्हणायचे, "पानी पेस, मंग सांगस." वच्छीकाकू, त्यांची बायको, तांब्या आणून ठेवायची. जिभाऊ तो सावकाश, घोट घोट करत पूर्ण संपवायचे. तोवर समोरचा माणूस गुडघे चोळत बसलेला. तांब्या खाली ठेवला की उत्तर, आणि ते उत्तर मग कधी बदलायचं नाही. पोरं त्यांची नक्कल करायची. परीक्षेत काय आलं होतं असं विचारलं की "पानी पेस, मंग सांगस" म्हणून पळून जायची.

सोयरिकीच्या बाबतीत तर कमाल. मुलाकडचे शंभर गोष्टी सांगोत, मुलीचा बाप शेवटी जिभाऊंकडे यायचा. एकदा एका पोराने सुपरवायझर आहे म्हणून सांगितलं होतं. मुलीचा बाप साक्रीहून आला. जिभाऊ पाणी प्यायले आणि म्हणाले, "सुपरवायझर नही, मशीन पुसस तो. पोऱ्या चांगला शे. येसन नही, मायले संभाळस. पन चहा पितांना भलता आवाज करस." मुलीचा बाप हसत सुटला आणि तिथंच होकार देऊन गेला. त्या पोराची आज तीन मुलं आहेत आणि तो अजून चहा तसाच पितो. मी त्यांना विचारलं होतं, चहाचं कशाला सांगितलं? तर म्हणाले, वाईट काहीच सांगितलं नाही तर चांगलं खोटं वाटतं.

मला ते मास्तरीण म्हणायचे. शाळेत असल्यापासून मी ओळीतल्यांचे अर्ज भरून द्यायचे, रेशनकार्डाचे, शाळांचे, बँकेचे. तेवढ्यावरून मास्तरीण. शिकवलं मी आयुष्यात कुणाला काही नाही.

आता त्या लाकडाचं सांगते. खैरझिऱ्यात मयत झालं की सरण विकत आणत नाहीत, आणि कुणाकडे मागतही नाहीत. घरटी एक लाकूड येतं. आपापल्या घरी रचून ठेवलेल्या मांडणीतलं एक लाकूड माणसं न बोलता आणून मेलेल्याच्या अंगणात ठेवतात. भांडण असलं तरी ठेवतात. बांधावरून एकमेकांची डोकी फोडलेली माणसंसुद्धा लाकूड चुकवत नाहीत. ही सगळी लाकडं गावाच्या रानातली, सुकून पडलेली. ते रान गावाच्या सामाईक हक्काचं. सरणाला द्यायचं सुकं लाकूड प्रत्येक घरात बाजूला ठेवलेलंच असतं.

आम्ही त्या गावचे नव्हे. आम्ही अमळनेरकडचे. पण आमच्या ओळीत हिंमत नावाचा खैरझिऱ्याचा तरुण कारागीर अचानक गेला. घाटात रस्ता खचलेला होता, त्याला गावी नेणं शक्य नव्हतं. तेव्हा जिभाऊ टोपी हातात घेऊन दारोदार फिरले आणि म्हणाले, इथंच न्यायचं, पण घरटी एक लाकूड आलं पाहिजे. आता खोल्यांमध्ये लाकूड कुठलं? सगळ्यांकडे गॅस. तरी आलं. कुणी खोक्याची फळी आणली, कुणी तुटक्या स्टुलाचा पाय, कुणी खात्यातनं बीमची मोडकी चकती, एका पोराने आपली क्रिकेटची बॅट. स्मशानातली विकतची लाकडं खाली आणि ही वर. माझी आई दारात घुटमळत होती. आम्ही तुमच्या गावचे नाही, आम्ही द्यावं का, असं तिनं विचारलं. जिभाऊ आमच्या उंबऱ्यापाशी आले. "ज्या घरनं लाकूड ऊनं," ते म्हणाले, "ते घर गावनं." आईनं बाबांचा जेवायचा पाट दिला.

त्या दिवसापासून खैरझिऱ्याच्या लग्नांच्या पत्रिका आम्हाला येऊ लागल्या. पुढे माझे बाबा गेले, तेव्हाही जिभाऊच टोपी हातात घेऊन खात्यातनं चालत आले. आणि माझ्या बापाला त्या परक्या गावानं घरटी लाकूड दिलं. सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे मी जे केलं ते काही नकळत केलेलं नाही.

शिकून मला एका संस्थेत नोकरी लागली. संस्थेचं काम असं, की गावांची रानं राखायची, झाडं वाढू द्यायची. झाडं हवेतला कार्बन शोषून घेतात, आणि तेवढ्याच्या बदल्यात परदेशातल्या धूर सोडणाऱ्या कंपन्या गावांना मोबदला देतात. कागदावर सगळं फार छान होतं. मला पटलेलंही होतं, अजूनही थोडं पटतं. खैरझिऱ्याचं नाव यादीत आलं तेव्हा मला कोण आनंद! मी लगेच सांगून टाकलं, ते तर माझं गाव.

आधी घरोघरी जाऊन माहिती घ्यायची होती. ते काम माझ्याकडे आलं. गावातली घरं मी गावात जाऊन केली आणि कुलूप लावलेली घरं भेस्तानच्या खोल्यांमध्ये. रानातनं काय काय आणता, रान बंद ठेवलं तर चालेल का, असल्या प्रकल्पाबद्दल काय वाटतं. लोक बोलायचे भरभरून. बाया म्हणायच्या, जळण कुठून आणायचं? बकऱ्यावाले म्हणायचे, बकऱ्या काय चंद्रावर चारायच्या? काही म्हणायचे, झाडं वाढत असतील तर वाढू द्या की, सावली कुणाला नको? एक म्हातारी म्हणाली, कागदावर अंगठा उठला की रान जातं, माझ्या सासऱ्याचं असंच गेलं होतं. पण बोलणं कसंही सुरू होवो, शेवट एकच यायचा: जिभाऊ म्हणतील ते.

आणि प्रश्नावलीच्या शेवटी दोन प्रश्न होते. अडीअडचणीला तुम्ही कोणाकडे जाता? कोणाच्या शब्दावर भरवसा ठेवता? गावात आणि सुरतेत, घरामागून घर, मी एकच नाव लिहीत गेले.

ऑफिसात त्याचा नकाशा झाला. प्रत्येक घर म्हणजे एक ठिपका, आणि ज्याच्यावर भरवसा त्याच्याकडे एक रेघ. पडद्यावर तो नकाशा आला तर सगळ्या रेघा एकाच ठिपक्यात जाऊन शिरत होत्या. आमचे साहेब खुर्चीतनं उठले. "इसको पकड़ो," म्हणाले, "गाँव पकड़ में आ जाएगा." सगळे हसले आणि मीही हसले. म्हणाले, कौन है ये? मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, माझ्या ओळीत राहतात, मला पोरीसारखं मानतात. मेले, तुझी जीभ तेव्हा का नाही झडली, असं आता आरशासमोर स्वतःला विचारते.

पुढच्या रविवारी मी जिभाऊंच्या खोलीवर गेले. खातं बंद होतं. जिभाऊ खाली बसून वच्छीकाकूला मेथी निवडून देत होते. मी सगळं समजावून सांगितलं. ते मन लावून ऐकत राहिले.

"म्हंजे हवा इकतस?"

"हवा नाही जिभाऊ. हवा साफ केल्याचं."

"आनि धूर कोठला?"

"परदेशातला."

"मंग तठला धूर आठला झाडेसले कसा सापडी?" ते म्हणाले. "हजीरानी चिमनी आठे शेजारे शे, तिना धूर तं आमना दारम्हाच येस."

वच्छीकाकू फिस्सकन हसली. मीही हसले. मग त्यांनी बकऱ्यांचं विचारलं. मी सांगितलं, रानाचा एक भाग चारायला सुटा राहील. ते खरं होतं. मग त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"सुकं लाकूड?" त्यांनी विचारलं. "सुकं लाकूड उचलता येई ना?"

करारनाम्यात ते कलम होतं. मी ते वाचलं होतं. रानातलं पडलेलं, वाळलेलं लाकूडही हलवायचं नाही, कारण त्यातही कार्बन असतो. मी ते कलम वाचून ऑफिसात विचारलं होतं, हे गावाला कसं चालेल? साहेब म्हणाले होते, अरे, कागदावर लिहावं लागतं, कौन देखने जाता है. आणि मला ते उत्तर पुरलं होतं. मला ते पुरवून घ्यायचं होतं. खैरझिऱ्याच्या सह्या आल्या की मी पर्मनंट होणार होते.

"येईल की," मी म्हटलं. "सुक्याला कोण हात लावतंय?"

वच्छीकाकूनं सवयीनं तांब्या भरून जिभाऊंच्या पुढ्यात ठेवला होता. त्यांनी तांब्याकडे बघितलंसुद्धा नाही. "बरं," म्हणाले, "तू म्हनस तं जाऊ गावले." आणि परत मेथी निवडू लागले. पाणी न पिता दिलेला शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. माझ्यासाठी पाणी लागलं नाही म्हणून मी भेस्तानच्या रस्त्यानं अक्षरशः उड्या मारत घरी आले.

ग्रामसभा मारुतीच्या पारासमोर भरली. सुरतेहूनही दोन जीप भरून माणसं आली होती. मी फलक लावून बोलले, टाळ्या वगैरे काही नाही, नुसते चेहरे. उत्तम नावाचा एक तरुण होता, पिंपळनेरला कॉलेजात शिकलेला. तो उभा राहिला. "जिभाऊ, कागद वाचू द्या पहिले. मराठीत द्या म्हना, मंग सही." त्याचं म्हणणं शंभर टक्के रास्त होतं. करारनामा इंग्रजीत होता, आणि मी मराठीत आणलेल्या दोन पानी सारांशात ते कलम नव्हतं. सारांश मीच लिहिला होता.

अंगठ्याबद्दल बोललेली ती म्हातारी पुढेच बसली होती. तिनं उत्तमकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. तिनं जिभाऊंना विचारलं, "रान आमनंच ऱ्हाई ना रे भाऊ? पानी पिसन सांगी ऱ्हायना ना?"

जिभाऊ उठले. त्यांचा एक खांदा खाली, टोपी डोक्यावर. नेहमीसारखे हळू बोलले, आणि पारावर कावळा होता तोही गप्प बसल्यासारखं झालं. "याले पानी नही लागत, माय. पोर आपली शे. तिना बापले आपलं लाकूड लागेल शे."

एवढंच बोलले. उत्तम खाली बसला. म्हातारीनं आधी अंगठा दिला, मग बाकीचे उठले. मी शाईचा डबा धरून उभी होते. सारांशात नसलेलं ते कलम मला त्या क्षणीही आठवत होतं. तरी डबा मी खाली ठेवला नाही.

दोन पावसाळे काही झालं नाही. मग तपासणीवाले येणार म्हणून संस्थेनं रानाला राखणदार नेमले. ते परगावचे, त्यांना कुणाची भीडभाड नाही. बायांच्या डोक्यावरच्या मोळ्या त्यांनी उतरवून घेतल्या. फलक लागला. हळूहळू घराघरातली लाकडाची मांडणी खाली येत गेली. आणि ऐन हिवाळ्यात ती अंगठेवाली म्हातारीच गेली.

तिच्या अंगणात लाकूड आलं. गाव लाकूड चुकवत नाही. पण काय आलं ते ऐका: गोठ्याचे दांडे, नांगराचा इसाड, कुणाच्या दाराची चौकट. एकानं तर पोराचा पाळणा मोडून आणला. रान समोर सुक्या लाकडांनी भरलेलं, आणि माणसं घरं मोडून सरण रचत होती.

जिभाऊ तिच्या मातीला गेले होते. परत आले ते थेट आमच्याकडे. टोपी हातात होती. मी दार उघडलं आणि वाटलं, कोण गेलं? ते आत आले नाहीत. दारातच त्यांनी विचारलं,

"मास्तरीण, तुले माहीत व्हतं का?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी कदाचित खरं बोलले असते.

"नाही, जिभाऊ," मी म्हटलं. "आईशप्पथ नाही."

आई मागे ओट्याशी उभी होती. जिभाऊंनी मान हलवली. त्यांचा चेहरा सैल झाल्यासारखा मला वाटला, आणि ती सुटका समजून मला आणखी मेल्यासारखं झालं. "मी सांगस लोकेसले," म्हणाले. टोपी डोक्यावर घालून ते गेले. आणि त्यांनी खरंच सांगितलं. गावाला जाऊन सांगितलं, भेस्तानच्या एकेका खोलीत सांगितलं: पोरीला माहीत नव्हतं, पोरीलाही फसवलं. माझं खोटं त्यांनी आपल्या शब्दावर वाहून दारोदार पोचवलं, ज्या खांद्यावर बीम वाहिले त्याच खांद्यावर.

उत्तम काही गप्प बसणारा नव्हता. त्यानं अर्ज करून पूर्ण करारनामा मिळवला, प्रत्येक पान. प्रत्येक पानाखाली संस्थेच्या वतीनं माझी सही होती. सुक्या लाकडाच्या पानाखालीसुद्धा, आणि तिथं तर मी समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलेलं. ते पान फोनाफोनांवर फिरलं. खैरझिऱ्यात गेलं, भेस्तानला आलं.

माझ्याशी कुणी भांडलं नाही. मला वाटलं होतं दगड मारतील. पण मी कोण? शब्द तर जिभाऊंचा होता. लोक जिभाऊंपासून दूर गेले. तेही भांडून नाही. सोयरिकी विचारायला माणसं येईनाशी झाली. गावाहून येणारे डबे, निरोप परभारे जाऊ लागले. गावाकडे कुणाला काही झालं तर कळायचं फोनवर. बरं, जिभाऊंनी एकदाही कुणाला सांगितलं नाही की मी त्यांच्याशी दोनदा खोटं बोलले. नुसतं म्हणायचे, मी पाणी प्यायलो नाही, माझी चूक. वच्छीकाकूनंच एकदा भाजीच्या गाडीवर मला हे सांगितलं. सांगताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, वांगी उलटसुलट करत राहिली.

मी नोकरी सोडली असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. सोडली नाही. वर्षभर केली, पर्मनंटही झाले. मग दुसरी चांगली मिळाली तेव्हा सोडली. रानाचं म्हणाल तर उत्तमनं आणि गावानं भांडून सुकं लाकूड मोकळं करून घेतलं. लाकूड परत आलं. आम्ही तोवर ओळ सोडून डिंडोलीला फ्लॅटमध्ये राहायला गेलो होतो. जिभाऊ समोर येतील म्हणून मी भेस्तानचा रस्ता टाळायचे, दोन रिक्षा बदलून लांबून जायचे.

वच्छीकाकू गेल्याचं मला माझ्या धाकट्या भावाच्या फोनवर, ओळीच्या ग्रुपवर कळलं. कुणीतरी तिचा हार घातलेला फोटो टाकला होता, खाली भाऊ गुजरातीत श्रद्धांजली लिहीत होता. ओळीतलं हे पहिलं मरण, जे सांगायला जिभाऊ आमच्या दारात आले नाहीत.

मला वाटलं, तिला गावी नेतील. इतक्या लोकांना त्यांनी गावी पोचवलं होतं. पण कळलं की नाही, इथंच, आणि तेही गॅसच्या दाहिनीत. कुणीतरी त्यांना म्हणालं होतं, जिभाऊ, गावी न्या, लाकूड येईल की. तर म्हणाले होते, "कोनतं तोंड लिसन जाऊ? येखादा घरनं नही ऊनं तं? वच्छीना अंगनम्हा मी गावनी परीक्षा लेऊ का?"

मी कपडे बदलले. जायचं की नाही यात अर्धा तास गेला. मग गॅलरीत गेले. तिथं बाबांच्या जुन्या खाटेचे दोन पाय पडून होते, सागाचे. त्यातला एक मी उचलला, ओढणीत गुंडाळला आणि रिक्षात बसले.

स्मशानात सकाळचं ऊन होतं. नंबर लागायला वेळ होता. माणसं आली होती, अगदीच नव्हती असं नाही. पंधरा-वीस असतील, लांब झाडाखाली उभी, आपसात बोलणारी. जिभाऊ एकटे बाकावर बसले होते. टोपी मांडीवर. खांदा आणखी खाली आलेला. मी जाऊन समोर उभी राहिले. मी ओढणी सोडली आणि खाटेचा पाय त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी तो हातात घेतला. उलटा केला, टोकाची खाच अंगठ्यानं चाचपली. "बापनी खाटना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

दाहिनीचा माणूस जवळनं जात होता. तो थांबला. "लाकडुं अहीं नहीं चाले, बेन. गॅस छे." तो काही वाईट बोलला नाही, नियम सांगितला आणि गेला.

"जिभाऊ," मी म्हटलं, "मला माहीत होतं. दोन्ही वेळा माहीत होतं."

"हा," ते म्हणाले. "ते मी तुन्हा दारम्हाच वळखं व्हतं." आणि टोपी मांडीवरनं बाकावर ठेवत, "पन तू नही म्हनी. मंग मी काय करतू?"

मी तिथं उभ्या उभ्या रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. आतून नाव पुकारलं गेलं तेव्हा ते उठले. टोपी बाकावरच राहिली होती, ती मी उचलून दिली. त्यांनी ती हातातच ठेवली आणि खाटेचा पाय माझ्या हातात परत दिला.

"ठेव हाई," म्हणाले. "मन्हा टाइमले लई येजो. गावले."

मग ते आत गेले. झाडाखालची माणसं त्यांच्या मागोमाग गेली. मी बाहेरच थांबले, आत जायची माझी हिंमत झाली नाही. परत येताना ते दुसऱ्या फाटकानं गेले असावेत. मला दिसले नाहीत.

जिभाऊ आता खैरझिऱ्यात असतात असं ऐकलंय. खोली विकून गेले. खाटेचा पाय माझ्या दाराच्या मागे उभा आहे. आई झाडताना तो उचलते, झाडते आणि परत तिथंच ठेवते. मी जाणार आहे. सगळ्या गावासमोरून तो हातात घेऊन त्यांच्या अंगणापर्यंत मला चालत जायचं आहे, आणि त्या वाटेची मला आत्तापासून भीती वाटते. पण त्याहून मोठी भीती वेगळीच आहे. ओळीत, गावात, कुणीही गेलं की टोपी हातात घेऊन निरोप द्यायला जिभाऊ यायचे. त्यांचा निरोप मला द्यायला कोण येणार आहे?